एका जागी बसवंना

बबिताला एका जागी बसवत नाही, हे परभणी डेपोतल्या ड्रायव्हरांपासून तिच्या सासरच्या लेकराबाळांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सोनपेठच्या गाडीवर ती कंडक्टर. गाडी अर्धी रिकामी असली तरी ही बाई दांड्याला धरून उभीच. घरी आली की एका हातानं कणीक मळता मळता दुसऱ्या हातानं ओट्यावर फडकं फिरवायची. जेवायला बसली तरी मीठ आण, पाणी आण, दार लाव, असं काहीतरी काढून उठायची. नवरा सुगत नेमका उलटा. पेडगावच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर. एकदा खुर्चीत बसला की खुर्ची हलवल्याशिवाय हलायचा नाही. या दोघांचं जमतं कसं, असं लोक हसून विचारायचे. जमत होतं. तिच्या धावपळीचं त्याला काही वाटायचं नाही आणि त्याच्या बसण्याचं तिला.

म्हणून ऑपरेशननंतर बबिता पलंगावर चुळबुळ करायला लागली, तेव्हा त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

ऑपरेशन आतड्याचं होतं. शौचाच्या वेळी रक्त पडायचं, ते तिनं मूळव्याध म्हणून कित्येक महिने अंगावर काढलं. शेवटी एकदा स्टँडवरच चक्कर येऊन पडली आणि तपासणीत आतड्याच्या अगदी खालच्या भागात गाठ निघाली. गाठ वेळेत सापडली, एवढंच नशीब. परभणीतल्याच एका खाजगी दवाखान्यात डॉ. वैष्णवी या सर्जनबाईंनी दुर्बिणीतून गाठ असलेला आतड्याचा तुकडा काढला आणि वरचं आतडं खाली ओढून जोडून दिलं. जोड खाली आला तर पोटावर काही महिने शौचाची पिशवी लावावी लागते, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बबितानं हात जोडून म्हटलं होतं, "होता होईल तो ती पिशवी नको मॅडम. गाडीत लोक अंगावर पडतात." जोड मजबूत बसला, तपासून पाहिला, म्हणून डॉक्टरांनी पिशवी लावली नाही.

पहिले दिवस बरे गेले. बबिता भिंतीला धरून व्हरांड्यात चालायला लागली. शेजारच्या पलंगावरच्या बाईचं गाव, तिच्या सुनेचं माहेर, तिथं गाडी किती वाजता जाते, सगळं तिला पाठ झालं. वालूरहून तिची आई सरजाबाई आली होती. ती उशाशी बसून लेकीला मुगाचं पाणी चमच्यानं पाजायची. आता दोन-चार दिवसांत घरी, असं बोलणं चालू झालं.

आणि एका सकाळी बबिता उठली ती वेगळीच उठली.

"ओ, मला कसंतरीच व्हायलंय," ती सुगतला म्हणाली.

"दुखायलंय का?"

"दुखत न्हाई तेवढं. पण झोपलं की उठू वाटायलंय, उठलं की बसू वाटायलंय. कोणी मागून हुसकायल्यासारखं."

"झोप झाली नसल नीट," सुगत म्हणाला आणि त्यानं तिची उशी सारखी केली.

राऊंडवर तरुण डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. ताप नव्हता. "काय त्रास होतोय?" असं त्यांनी विचारलं तर बबितानं तोंड उघडायच्या आत सुगतनंच सांगून टाकलं, "सर, तिला एका जागी बसायची सवयच न्हाई. कंडक्टर हाय ना ती." डॉक्टर हसले. गॅस धरला असेल म्हणाले, चालत राहा म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मग बबिता चालत राहिली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडकीपाशी थांबायचं, बाहेर रिक्षा उभ्या दिसायच्या, पुन्हा फिरायचं. पण चालून बरं वाटेना. छाती धडधडत होती. मधूनच उचकी लागायची, थांबायची, परत लागायची. माकडहाडापाशी आत काहीतरी जड बसलंय असं वाटायचं. शौचाला लागल्यासारखं व्हायचं आणि गेलं की काहीच नाही. मुगाचं पाणी तिनं एक चमचा घेतलं आणि वाटी बाजूला सारली.

"खाल्ल्याबिगर ताकत कशी येईल माय," सरजाबाई म्हणाली.

"आई, बोलू नकोस थोडा वेळ."

दुपारी ती डोळे मिटून पडली होती. सुगत दाराशी उभा राहून फोनवर तिच्या भावाशी, सिद्धोधनशी बोलत होता. तो हिंगोलीला तहसीलमध्ये नोकरीला. सुगत म्हणत होता, "बाकी सगळं ठीक हाय. चुळबुळ तेवढी चालूच हाय तिची. तुला तर म्हाईतच हाय तुझी बहीण."

बबिताला असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसावर तिनं क्वचितच राग धरला असेल. पण आज त्याचा तो शांत, समजूतदार आवाज तिला सहन होईना. आपलं अंग आपल्याला काहीतरी ओरडून सांगतंय आणि हा माणूस ते आपल्या स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळा होतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिलाही मधेच वाटून जायचं की खरंच तसं असेल. आपलंच काहीतरी. आपल्याला दम निघत नाही, तेच.

संध्याकाळी डॉ. वैष्णवी आल्या. "कसं वाटतंय बबिताताई?" सुगत उठून उभा राहिला. "मॅडम, तशी बरी हाय, फक्त ती—"

"तुमी थांबा," बबिता म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सुगत थांबला. "मला बोलू द्या. मॅडम, मी एका जागी बसत न्हाई, हे खरं हाय. पण मला काहीतरी करायचं असतं म्हणून मी उठत असते. आज मला काहीच करायचं न्हाई. उठायची इच्छा न्हाई. तरी बसवंना. ही माझी चुळबुळ न्हाई, मॅडम. हे दुसरंच काहीतरी हाय."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग स्टूल ओढून बसल्या आणि तिचं मनगट हातात घेतलं. बराच वेळ सोडलं नाही. उचकी कधीपासून आहे, मागच्या बाजूला जड वाटतं का, लघवीला कसं होतंय, असं एकेक विचारत गेल्या. हसल्या नाहीत. उठताना सिस्टरला म्हणाल्या, "रक्त आत्ता पाठवा. तोंडानं काही देऊ नका. आणि सीटी स्कॅनला सांगा, खालून औषध सोडून करायचाय."

"काय झालंय मॅडम?" सुगतनं विचारलं.

"बघूनच सांगते. पण त्या म्हणतायत ते बरोबर आहे. कधी कधी ताप यायच्या आधी हेच येतं. माणसाला चैन पडत नाही."

स्कॅनमध्ये दिसलं. जोडाच्या मागच्या बाजूला एक शिवण उसवल्यासारखी जागा होती. तिथून आतलं पाझरत होतं आणि आतड्यामागं चिकूएवढी पोकळी होऊन तिच्यात पू साठला होता. पोटात सगळीकडे पसरलं नव्हतं, एका जागी कोंडलेलं होतं. थोडा आणखी वेळ गेला असता तर कोंडलेलं राहिलं नसतं.

डॉक्टरांनी सगळ्यांना पलंगापाशीच बोलावलं. बाहेर नेऊन कुजबुजत सांगितलं नाही, हे बबिताला बरं वाटलं.

"जोड गळतोय," त्या म्हणाल्या. "कितीही नीट केलं तरी काही जणांत होतं. याच्यावर दोन वाटा आहेत. एक, आता पोट उघडायचं, जोड काढून टाकायचा आणि कायमची किंवा फार काळाची पिशवी लावायची. दुसरी, पोट न उघडता खालूनच दुर्बीण घालायची, त्या पोकळीत स्पंजचा तुकडा ठेवायचा. स्पंजला नळी असते, नळी बाहेर एका यंत्राला जोडायची. यंत्र सतत हलकं ओढत राहतं. पू बाहेर येतो, पोकळीच्या भिंती जवळ येतात आणि खड्डा तळापासून भरत जातो. दर तीन-चार दिवसांनी स्पंज बदलायचा, दर वेळी थोडा लहान."

"स्पंज?" सरजाबाई म्हणाली. "भांडे घासायचा?"

"तसाच दिसतो आजी. पण वेगळा असतो."

"आणि पिशवी?" बबितानं विचारलं.

"ती लागेल. पण काही महिन्यांपुरती. पोटाला बारीक छिद्रं पाडून लहान आतड्याचा वळसा बाहेर काढायचा. तुम्ही रोज रस्त्यावर असता. पुलाचं काम चालू असताना गाड्या पुलावरूनच सोडल्या तर काम होईल का?"

सिद्धोधनचा फोन आला. त्याचं म्हणणं, हैदराबादला हलवा, तिथं मोठे डॉक्टर आहेत, एकदाच उघडून साफ करतील. सरजाबाईचंही तेच. आत घाण झाली तर उघडून धुतल्याशिवाय कशी निघेल, हे तिला उमजेना. एवढं मोठं दुखणं आणि इलाज काय, तर स्पंज. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि बबिताला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त आत ती हुसकणी जाणवत होती. तिनं सुगतकडे पाहिलं. तो खुर्चीत नव्हता. भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड उतरलं होतं.

"तुला काय वाटायलंय?" त्यानं विचारलं.

दिवसभरात पहिल्यांदा घरच्या कोणीतरी हे विचारलं होतं.

"पोट उघडू नका," ती म्हणाली. "पिशवी लावा. नको म्हणलं होतं, ते मागं घेते मी."

पोट दुर्बिणीतूनच धुऊन वळसा बाहेर काढला. स्पंजचं काम करायला नांदेडहून डॉ. नागनाथ आले. सडपातळ माणूस, हातात नेहमी चहाचा कागदी कप. शुद्धीवर आली तेव्हा बबिताच्या मांडीला चिकटपट्टीनं एक बारीक नळी चिकटवलेली होती आणि पलंगाच्या कडेला एक छोटं यंत्र घुरघुरत होतं. त्याच्या डब्यात मळकट पाणी ओघळत होतं. पोटावर उजव्या बाजूला पिशवी. तिनं त्या बाजूला पाहिलं नाही. चादर वर ओढली.

पण छातीतली धडधड कमी झाली होती. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. तिसऱ्या दिवशी तर तिला भूक लागली आणि सरजाबाईनं घाईघाईनं मऊ खिचडी आणली.

बरं वाटायला लागलं, तशी बबिताची स्वतःची चुळबुळ परत आली. यंत्राला खांद्यावर अडकवायचा पट्टा होता. डॉक्टर म्हणाले होते, हळू चाला, नळीला ओढ पडू देऊ नका. चालायची परवानगी मिळाली एवढंच तिनं ऐकलं. पहिला स्पंज बदलून झाला होता, सगळं नीट चाललं होतं. त्या दुपारी आई झोपली होती आणि सुगत औषधं आणायला खाली गेला होता. खिडकीशी जायचं म्हणून ती उठली. नळी पलंग वर-खाली करायच्या दांड्यात अडकली होती, ते तिला दिसलं नाही. एक पाऊल टाकलं आणि आतून असा हिसका बसला की ती गुडघ्यावर आली. यंत्र टीं टीं करत राहिलं.

स्पंज जागेवरून सरकून खाली आला होता. तो काढून टाकावा लागला. डॉ. नागनाथ दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊ शकत होते. तोपर्यंत नुसतं औषध.

संध्याकाळी अंग कसकसलं. छाती पुन्हा धडधडायला लागली. बबिता पलंगावर डोळे उघडे ठेवून पडून राहिली. हलायचीही भीती. आपल्याच पायांनी आपलं काम बिघडवलं. आई रडत नव्हती, पण तिचं बोलणं थांबत नव्हतं.

"मी आधीच म्हणलं होतं. असल्या ओढायच्या मशिनीनं कुठं जखम भरती का? हैदराबादला चल. एकदाचं होऊन जाऊ दे."

"मामी," सुगत म्हणाला. सासूला तो मामीच म्हणायचा आणि तिच्यापुढं कधी आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही. "निर्णय तिचा हाय. तिच्यावतीनं मी एकदा बोललो, ते चुकलं. आता तिलाच विचारा."

सरजाबाई उठून खिडकीशी गेली. सुगत पलंगाच्या कडेवर बसला. नळी काढल्यावर तिच्या मांडीवर उरलेल्या चिकटपट्टीची सुटलेली कड त्यानं बोटानं दाबली.

"तुमी फोनवर सिद्धूला काय म्हणत होतात, ते मी ऐकलं होतं," बबिता म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

"लय लागलं."

"हं." तो जमिनीकडे बघत होता. "तुला मी लय ओळखतो, असं वाटायचं मला."

तिनं त्याचा हात घेतला नाही, पण सरकून त्याला थोडी जागा करून दिली.

सकाळी डॉ. नागनाथ आले तेव्हा ती म्हणाली, "सर, आज भूल देऊ नका. मला बघायचंय आत काय हाय ते."

"थोडं दुखेल."

"दुखू द्या. मला कळंना झालंय, हे भरतंय का न्हाई. तुमी सगळे म्हणता चांगलं हाय. मला दाखवा."

डॉक्टरांनी कप बाजूला ठेवला आणि पडदा तिच्याकडे वळवला. ती कुशीवर होती. दुर्बीण आत शिरली. गुलाबी, ओलं, वळत गेलेलं बोगद्यासारखं काहीतरी सरकत होतं. तिला वाटलं, हे आपण आहोत. मग बाजूला एक भोक दिसलं आणि दुर्बीण त्यात वळली.

"ही ती पोकळी," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी इथं नुसता हिरवट गाळ होता. भिंती दिसत नव्हत्या. आता बघा."

भिंती दिसत होत्या. लालभडक, दाणेदार, कुठं कुठं पिवळसर साय धरलेली. डॉक्टरांनी पाणी मारलं, तशी सायही सुटली आणि एका जागी रक्ताचा बारीक थेंब फुटला.

"रक्त आलं," ती घाबरून म्हणाली.

"येऊ द्या. जिवंत आहे म्हणून येतं. मेलेल्या मांसातून येत नाही."

तळ दिसत होता. उथळ झालेला. स्वयंपाकघरात वाटीला तळ असतो तसा स्पष्ट. बबिता त्या पडद्याकडे बघत राहिली. दुखत होतं, घाम आला होता.

"घाला नवीन स्पंज," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी जपते."

आणि तिनं जपलं. जपणं म्हणजे काय, हे तिला शिकावं लागलं. उठायच्या आधी नळी बघायची, मग दांडा बघायचा, मग पाय खाली सोडायचे. किती वेळा तरी अर्धवट उठून ती स्वतःवरच चिडून परत टेकायची. वेळ जाता जाईना. पंख्याकडे बघून, शेजारणीशी बोलून, लातूरला शिकायला असलेल्या मुलीला फोन करून झालं की पुन्हा पंखा. शेवटी पिशवी स्वतः रिकामी करायला ती शिकली, कारण ते काम तरी होतं, हाताला काहीतरी लागत होतं. पहिल्यांदा ओकारी आली. नंतर आली नाही. पहिल्यांदा सरजाबाई तोंड फिरवून बसली होती. नंतर तीच भांडं धरायला लागली आणि आल्यागेल्याला यंत्राचं काम समजावून सांगायला लागली, जणू ते तिनंच वालूरहून आणलं होतं.

स्पंज दर खेपेला लहान होत गेला. शेवटचा तर बोटाच्या पेराएवढा. मग एके दिवशी डॉ. नागनाथ म्हणाले, आता ठेवायला जागाच नाही. उरलेलं आपसूक मिटेल. यंत्र बंद केलं. इतक्या दिवसांची ती घुरघुर थांबली, तर बबिताला दोन रात्री झोपच येईना.

पिशवी मात्र पुढे बरेच महिने राहिली. त्या काळात गाठ परत येऊ नये म्हणून गोळ्या चालल्या, अंग तापायचं, तळहात सोलवटायचे. हिवाळ्यात खालून औषध सोडून फोटो काढला. औषध कुठंच बाहेर गेलं नाही. जोड पूर्ण भरला होता. पिशवी काढली, आतड्याचा वळसा परत आत गेला.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं मात्र नाही. आतडं आखूड झालेलं. लागलं की लागलं, थांबवता येत नाही, आणि एकदा जाऊन भागत नाही. डॉक्टर म्हणाल्या, वर्षभरात बरंच सुधारतं, पण थोडं राहतंही. डेपोनं तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथं ती सोनपेठच्या गाडीची वेळ सांगायची आणि फलाटावरून ती गाडी दुसऱ्याच कंडक्टरला घेऊन निघताना बघायची. खिडकीत तिचा जीव गुदमरायचा. दोन महिन्यांनी तिनं साहेबांना पेडगावची फेरी मागितली. जायला वेळ थोडा, दोन्ही टोकांना शौचालयाची सोय आहे, सकाळी खाण्याचं मी सांभाळते, असं तिनं नीट मांडलं. साहेब का-कू करत होते. शेवटी बघू म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात ड्युटी लावली.

पहिल्या फेरीला सुगत त्याच गाडीनं शाळेला निघाला. गाडी भरलेली होती. बबिता मधल्या वाटेतून तिकिटं फाडत मागं गेली, पुढं आली. एका वळणावर तिनं दांडा धरून डोळे मिटले आणि एक खोल श्वास घेतला. सुगत खिडकीपाशी बसला होता. पूर्वीचा असता तर शेजाऱ्याला म्हणाला असता, तिला सवय आहे. आता त्यानं वाकून हळूच विचारलं, "कसं वाटायलंय?"

बबितानं आधी आत काय चाललंय ते पाहिलं. पोटात थोडी ओढ होती. पाय दुखत होते. छाती शांत होती.

"पोटात जरा ओढ हाय," ती म्हणाली. "पण पेडगावपर्यंत दम निघतो."

आणि ती पुढच्या बाकाकडे वळली. तिथं एक बाई टोपली मांडीवर घेऊन सुटे पैसे शोधत होती.